गळलेले आणि उपटलेले

चाकण,
२८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अर्जुनमामांस,
मिनलचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवरचे ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेले तुम्ही लेखन मानत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. चुका काढू नका, दमले आहे.

मामा, माझे केस गळत आहेत. फणी एकदा फिरवली की मूठभर येतात. न्हाणीघराच्या जाळीवर रोज मेलेल्या उंदरासारखा पुंजका पडलेला असतो. आई गेल्यावर ज्या केसांच्या दोन वेण्या तुम्ही सात वर्षे रोज सकाळी घातल्यात, त्यांची आता करंगळीएवढी शेपटी उरली आहे. परवा तुमच्या जावयाच्या, ज्ञानेशच्या, पोळीत केस निघाला. तो काही बोलायच्या आधीच मी त्याचे काचेचे ताट भिंतीवर फेकले. काठ त्याच्या मनगटाला लागून रक्त आले. मग त्याचाही आवाज चढला. शेजारची माणसे दार उघडून पाहत उभी राहिली. मला हल्ली असेच होते. हाताला लागेल ते फेकावेसे वाटते.

कोणी बोअरच्या पाण्याला दोष देते, कोणी हेल्मेटला. कांद्याचा रस लावून झाला. खूश आहे ती फक्त कस्तुरा. ती आमच्या गल्लीत ‘केसांवर भांडीऽऽ’ असे ओरडत येते, विंचरताना निघालेले गुंते घेते आणि बदल्यात वाटी-चमचा देते. परवा पिशवी हातात तोलून म्हणाली, “ताई, औंदा तुज्याकडनं माजं पातेलं जातंय बग.”

अठ्ठावीसाव्या वर्षी टायफॉइडने तुमचे सगळे केस गेले होते आणि वर्षभरात परत आले, असे आई सांगायची. ते कसे आले? काय केलेत?

दसऱ्याला सोने द्यायला येता आले नाही, त्याची क्षमा असावी. कंपनीत ठीक चालले आहे.

तुमची,
मिनल


दिघी,
२ जानेवारी २०२६

चि. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

पत्रात सात चुका आहेत. त्या भेटीअंती दाखवीन. आता कामाचे.

केस गळणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणून आधी कारण शोधावे आणि मग उपाय. ग्रंथालयातून दोन पुस्तके आणून, चष्म्यावर भिंग धरून वाचली. दिवसाला शंभरापर्यंत केस जाणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गेल्यास कारणे अनेक संभवतात. आनुवंशिकता हे पहिले. परंतु तुझ्या आईचे केस चितेवर ठेवतानाही दाट होते, तेव्हा ते बाजूला ठेवू. रक्तातील लोहाची उणीव, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, बाळंतपण, उपासमार, काही औषधे, केस ताणून बांधण्याची सवय ही बाकीची. पाण्याने आणि हेल्मेटने केस तुटू शकतात. मुळापासून असे गळत नाहीत. कांद्याचा रस भाजीत घालावा.

आता महत्त्वाचे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने स्वस्थ बसतो आणि मग पडतो. शरीराला वा मनाला जबर तडाखा बसला की हजारो केस एकदम वाढणे थांबवतात. पण पडतात ते दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे केस आज गळत असले, तरी घाव मागे बसलेला असतो. तू केस डिसेंबरअखेर गळत असल्याचे लिहितेस. तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी काय घडले, ते आठव आणि लिही.

रोज गळलेले केस मोजून, कागदात गुंडाळून, वर तारीख घालावी. रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्या. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे, जाहिरातीतल्या तेलवाल्यांना नव्हे.

माझ्या टायफॉइडची कथा जुनी आहे. तिचा तुला उपयोग नाही.

तुझा,
अर्जुनमामा


चाकण,
११ जानेवारी २०२६

ती. मामांस सा. नमस्कार.

वाकडला डॉक्टर इरम म्हणून आहेत, त्यांना दाखवले. त्यांनी चिमटीत साठेक केस धरून हलकेच ओढले. अकरा हातात आले. भिंगाखाली दाखवले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा, तांदळाच्या कणीहून बारीक मणी. म्हणाल्या, “हे आपणहून सुटलेले केस. मुळं शाबूत आहेत, घाबरू नका.” लोह थोडे कमी निघाले, त्याच्या गोळ्या दिल्या. थायरॉइड ठीक आहे. रोजची मोजणी चालू आहे: दोनशे चाळीस, दोनशे दहा, दोनशे साठ.

त्यांनीही तुमचाच प्रश्न विचारला: “तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?” मी डेंग्यू सांगितला. तुम्हीही तेच समजा. ऑक्टोबरात आठ दिवस ताप होता.

आमच्या लाइनवरच्या एका मुलीला त्या सुमारास अपघात झाला होता, पण त्याचा माझ्या केसांशी काय संबंध?

मिनल


दिघी,
१५ जानेवारी २०२६

चि. मिनल,

तुझे दिवाळीचे पत्र माझ्यापुढे आहे. त्यात ‘पाच तारखेपासून ओव्हरटाइम रोज आहे, एक सुट्टी नाही’ असे तुझ्या हातचे लिहिलेले आहे. डेंग्यूचा रोगी ओव्हरटाइम करीत नाही. मी तीस वर्षे शाळेत मुलांची उत्तरे तपासली. खरे उत्तर कुठे असते, ते मला कळते. ते बहुधा शेवटच्या ओळीत, विषय बदलताना लिहिलेले असते.

कोणती मुलगी? कोणता अपघात? सर्व लिही. काही गाळू नकोस.

अर्जुनमामा


चाकण,
१९ जानेवारी २०२६

ती. मामा,

लिहिते. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नका.

एक ऑक्टोबर, खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. सकाळी मशीन धुतल्या. पोरी काठापदराच्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या होत्या. माझ्या लाइनवर लोखंडी तुकड्यांना, म्हणजे जॉबना, भोके पाडायच्या सहा मशीन आहेत. जो दांडा गरगर फिरतो, त्याच्यापुढे संरक्षणासाठी जाळी असते. ती असली की हळदकुंकू आणि हार दांड्यापर्यंत पोहोचत नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर शेखर म्हणाला, “मॅडम, देवीच्या तोंडावर जाळी कशाला? काढा की राव.” सगळे हसले. मीही हसले. चार बोल्ट मी माझ्या हाताने काढले आणि जाळी भिंतीला टेकवली. दांड्याला झेंडूची माळ घातली.

मग फोटो. शेखर म्हणाला, “टोप्या काढायला सांगा, गजरे दिसू द्या.” विजयश्री नावाची चोवीस वर्षांची मुलगी पाच नंबरच्या मशीनवर असायची. जालन्याकडची. वेणी कमरेच्या खाली. ती म्हणाली, “मॅडम, टोपी राहू द्या ना, केस इचरायला येळ नव्हता.” मी म्हटले, “एक फोटो गं, नखरे करू नकोस.” आणि तिची टोपी मीच ओढून काढली.

नारळ फुटला. शेखर ओरडला, “मुहूर्ताचा एक जॉब होऊन जाऊ द्या! विजयश्री, लावा हात!” ती बटण दाबून वाकली. वेणी खांद्यावरून पुढे घसरली. आधी माळ फिरली, मग माळेत वेणी. मामा, नवे कापड दोन्ही हातांनी टरकावल्यासारखा आवाज आला. भुवयांपासून मानेपर्यंत सगळे एका तुकड्यात निघाले. ती मागे फेकली गेली आणि तिचे केस मशीनवर फिरतच राहिले. झेंडूच्या पाकळ्या आणि रक्त आमच्या साड्यांवर, फोटो काढणाऱ्याच्या चष्म्यावर. कोणीतरी लाल बटण दाबले. ती रडली नाही. हात वर नेऊन तिने डोके चाचपले, तिथे काय आहे ते तिला कळेना. माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, माजी टोपी?”

दुपारी शेखरने टाइप केलेला कागद पुढे ठेवला: ‘सदर कामगार महिलेने स्वतः जाळी काढून, टोपी न घालता, परवानगीशिवाय मशीन सुरू केले.’ माझ्या नखांत कुंकू होते की तिचे रक्त, ते माहीत नाही. मी सही केली.

बारा फेब्रुवारीला कारखाना निरीक्षकांपुढे चौकशी आहे. साक्ष माझी एकटीची. बाकीच्या पोरी कंत्राटी, त्यांना कधीच काढून टाकले. मी त्या कागदाला धरून बोलले, तर सगळा दोष विजयश्रीचा ठरेल. ती आईबरोबर मोशीला एका खोलीत असते. आणि ती जाळी अजून भिंतीलाच टेकलेली आहे, कारण जाळी नसली की जॉब लवकर निघतो. पाच नंबरवर आता दुसरी मुलगी उभी असते.

तिचे गेले म्हणून माझेही जात आहेत, असे मला वाटते. मी खरे सांगू का, मामा? एवढेच सांगा.

मिनल


दिघी,
२३ जानेवारी २०२६

चि. मिनल हिस आशीर्वाद.

पत्र पोहोचले. कारण सापडले. एक ऑक्टोबरपासून अठ्ठावीस डिसेंबरपर्यंत अठ्ठ्याऐंशी दिवस होतात. हिशेब तंतोतंत जुळतो. हे शिक्षा म्हणून होत नाही, शापाने होत नाही. असे गळणे सहा महिन्यांत थांबते आणि केस पूर्ववत येतात. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. खजूर, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये खात जा. झोप पुरेशी घे. फार विचार करू नये.

अर्जुनमामा


चाकण,
३१ जानेवारी २०२६

ती. मामांस,

मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही खजूर खायला सांगितलेत.

असो. साक्ष बदलायची नाही, असे ठरवले आहे. ज्ञानेशचेही तेच म्हणणे आहे. तुम्ही आता त्यात पडू नका.

केसांचे म्हणाल तर उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. चाई असावी. थोडी ठणकते, पण तेलाने बरी होईल. डॉक्टरांकडे जायला वेळ नाही. कस्तुरा येऊन गेली. तिने पिशवीतला एक गुंता बाजूला काढला आणि घेतला नाही. म्हणाली, “ताई, ह्यो इचरल्याला न्हाई. ह्यो उपाटल्याला हाय. बुडाला कातडं हाय ह्येच्या. मी असलं घेत न्हाई, पाप लागतं.” ती काहीही बोलते.

मिनल


चाकण,
५ फेब्रुवारी २०२६

अर्जुनमामा,

तुम्ही काल आमच्या घरी काय करून गेलात?

मी शिफ्टला होते. शेजारणीने सांगितले ते असे: तुम्ही रिक्षातून उतरलात. ज्ञानेशने दार उघडले, “या मामा, एवढ्या लांब कशाला आलात?” म्हणाला आणि पाया पडायला वाकला. तुम्ही वाकलेल्या माणसावर काठी घातलीत. एकदा नव्हे, तीनदा. “माझ्या पोरीच्या केसाला हात लावतोस?” असे ओरडत होतात. त्याच्या भुवईला चार टाके पडले आहेत. त्याने हात उचलला नाही. तुमचा चष्मा खाली पडला, तो पुसून तुमच्या हातात दिला, आणि एका डोळ्यात रक्त उतरत असताना तुमच्यासाठी रिक्षा थांबवली. घरी आल्यावर मला म्हणाला, “मामांना काही बोलू नको. त्यांचं चुकलं नाही. मलाबी मारायचंच हुतं कुनाला तरी.”

त्याने माझ्या केसाला कधी हात लावलेला नाही. ताट मी फेकते, तो काचा वेचतो.

आता ऐका. चोवीस जानेवारी, शनिवार. तुमच्या उत्तराची वाट न बघता मी शेखरला सांगितले, की निरीक्षकांना मी खरे सांगणार. तो हसला. “मॅडम, चार महिने झाले, मिटलंय ते. कशाला उकरताय?” मग म्हणाला, “स्टोअरमध्ये या, साहेबांचा फोन आहे.” मी गेले. त्याने दार पायाने ढकलून लावले. माझी वेणी, जेवढी उरली आहे तेवढी, दोरासारखी दोन वेळा मनगटाला गुंडाळली आणि माझे डोके लोखंडी रॅकवर आपटले. “सांग, टोपी होती का?” मी म्हटले, होती. पुन्हा आपटले. “टोपी होती का?” मी म्हटले, होती. तिसऱ्या वेळी त्याने नुसते ओढले. मोठा झटका. त्याच्या हातात केस राहिले आणि मी खाली पडले. तो हाताकडे बघत राहिला आणि मग ते केस माझ्या अंगावर टाकून म्हणाला, “घे, भांडी घे ह्याच्यावर.” त्यानंतर मी म्हटले, नव्हती. टोपी नव्हती.

ते केस मी उचलून घरी आणले आणि सवयीने कस्तुराच्या पिशवीत टाकले. बाई वेडी नाही, मामा. तिचा हात रोज केसात असतो. तुम्ही पुस्तके वाचता, तिला हाताला कळते.

हे ज्ञानेशला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो म्हणतो, नोकरी सोड, गप्प बस, जीव वाचव.

तुम्ही त्याची माफी मागा. माझ्याशी पत्रव्यवहार आता नको.

मिनल


दिघी,
७ फेब्रुवारी २०२६

चि. मिनल हिस, आणि चि. ज्ञानेश यांस.

ज्ञानेश, मी तुमची क्षमा मागतो. तुम्ही वाकला होतात आणि मी मारले. याला खुलासा नाही. ती काठी मी मोडून बंबात घातली आहे. आता भिंत धरून चालतो.

मिनल, तू रागावली आहेस तरी हे वाच. मी चुकीच्या माणसाला मारले, कारण मला कोणाला तरी मारण्याची घाई झाली होती. तेवीस तारखेला तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या लाजेतून ती काठी आली. तुझ्या तीन ओळींवरून मी निदान केले आणि तपासले नाही. आयुष्यभर मुलांना जे करू नका म्हणून सांगितले, तेच केले.

मला टायफॉइड कधीच झाला नव्हता.

शाळेत लागण्यापूर्वी मी पिंपरीच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी नोंदणारा टाइमकीपर होतो. फाटकाशेजारी माझी काचेची खोली होती. १९७४ चा जून महिना. संप चालू होता. ज्योतीराम नावाचा फिटर संपाच्या पत्रकांचा मसुदा मजकडून शुद्ध करून घेई. त्या सकाळी तीन माणसे आली. दोघांच्या हातांत सायकलच्या साखळ्या, एकाच्या हातात पहार. त्यांनी त्याला माझ्या खोलीपासून सहा फुटांवर गाठले. साखळीचा पहिला फटका तोंडावर बसला आणि त्याचा गाल उघडा पडला. दात बाहेरून दिसू लागले. तो धावत माझ्या दाराशी आला. त्याने कडी हलवली. “अर्जुनराव, दार उघडा.” मी आतून कडी घातलेली होती आणि तिच्यावर हात ठेवून उभा होतो. काचेतून त्याचे तोंड माझ्या तोंडासमोर होते. मग पहार पडली. डोक्यावर, पाठीवर, पुन्हा डोक्यावर. काच फुटली नाही. तिच्यावर जे उडाले, त्यातून मला पलीकडचे दिसेनासे झाले. तेव्हा कुठे मी डोळे मिटले.

पोलिसांना मी लिहून दिले: ‘घटनेच्या वेळी मी माझ्या जागेवर उपस्थित नव्हतो.’ त्या वाक्यात एकही चूक नाही. तिघेही सुटले.

सप्टेंबरात माझे केस गेले, सगळे. तुझ्या आईला मी टायफॉइड सांगितला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते परत आले, पूर्वीपेक्षा दाट. मिनल, मला सर्वांत असह्य झाले ते हेच. मी तसाच टकला राहिलो असतो, तर निदान काहीतरी गेले असे म्हणता आले असते.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. मी तुला ‘सांग’ म्हणण्याचा अधिकार गमावलेला आहे. ज्ञानेशचे भय खरे आहे. परंतु गप्प बसलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे विचारशील तर तेवढे मला ठाऊक आहे; ते वर लिहिले आहे.

काहीही ठरवलेस तरी एवढे कर. कस्तुराने बाजूला काढलेला गुंता टाकला नसशील, तर कागदात घालून तारीख लिही आणि डॉक्टर इरम यांच्याकडे ने, जखमही दाखव. आपणहून गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा मणी असतो. बळाने उपटलेल्या केसाच्या मुळाला ओले आवरण असते, कधी कातडीही येते. या दोहोंत गफलत होत नाही. त्यांच्याकडून तसे लेखी घे.

बारा तारखेला मी कचेरीबाहेर बाकावर बसलेला असेन. आत बोलावले तरी येईन, न बोलावले तरी बसेन.

अर्जुनमामा


चाकण,
१४ फेब्रुवारी २०२६

ती. मामा,

परवा तुम्हाला बाकावर पाहिले, पण बोलता आले नाही. तुम्हाला ऐकूही आले नसते. आत काय झाले ते लिहिते.

शेखर समोरच्या रांगेत बसला होता. येताना पायऱ्यांवर ज्ञानेशला खांदा मारून म्हणाला, “भावा, भुवईला काय झालं? बायको मारती का?” ज्ञानेश म्हणाला, “मामांनी मारलं. माझं टाळकं फुटलं, तुझं राहिलंय.” माझा नवरा असे बोलतो, हे मला पाच वर्षांत माहीत नव्हते.

विजयश्री आईचा हात धरून आली. डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधलेला. निरीक्षकांनी माझा ऑक्टोबरचा कागद वाचून दाखवला आणि विचारले, “हे बरोबर आहे?” शेखर मनगटातले कडे फिरवत माझ्याकडे बघत होता. ज्या मनगटाला वेणी गुंडाळली होती, त्याच. निरीक्षकांनी दुसऱ्यांदा विचारले, “बाई, टोपी होती का?”

तेच शब्द, मामा. कानाच्या वरची जागा इतकी ठणकली, की मी टेबल धरले.

मी म्हटले, “होती. मी काढली. जाळीपण मीच काढली, चारही बोल्ट. काढायला यांनी सांगितलं, मशीन सुरू करायला यांनी सांगितलं. तिनं काही केलं नाही. ती टोपी राहू द्या म्हणत होती.” मग डॉक्टरांचा कागद आणि दोन पाकिटे ठेवली. एकावर ‘गळलेले’, एकावर ‘उपटलेले’, दोन्हींवर तारखा. शेखर उठून टेबलावरून माझ्या अंगावर आला. खुर्ची उलटली, पाण्याचा जग फुटला. ज्ञानेश आणि शिपाई यांनी त्याला भिंतीला दाबून धरले, तरी तो लाथा झाडत होता, “तुला खड्ड्यात घालीन” म्हणत होता. सगळे निरीक्षकांच्या देखत. तेही त्यांनी लिहून घेतले. त्याला पोलिसांच्या गाडीतून नेले. पाच नंबरची मशीन त्याच दुपारी कुलूप लावून बंद केली.

मलाही कामावरून काढले आहे. माझ्यावरही कारवाई होईल. व्हायलाच हवी, बोल्ट मीच काढले.

बाहेर विजयश्री माझ्याजवळ आली. मला वाटले, तोंडात मारेल. मारले असते तर बरे झाले असते. तिने रुमाल सोडला. मांडीची कातडी काढून तिथे लावली आहे. चकचकीत, भाजल्यासारखी, पाऊलवाट नसलेल्या खडकासारखी. म्हणाली, “मॅडम, तुमचे पुन्हा येतेत का?” मी म्हटले, डॉक्टर म्हणतात येतील, मुळे शाबूत आहेत. ती म्हणाली, “माजी मशीनवरच ऱ्हायली.” आणि रुमाल बांधला.

आज भांगाच्या कडेला बारीक नवे केस दिसले. हात लावला की टोचतात. मी फणी ठेवून दिली.

मिनल


दिघी,
१ मार्च २०२६

चि. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. चुका शोधल्या नाहीत.

काल पिंपरीला जाऊन आलो. ज्योतीरामचे घर शोधायला चार दिवस लागले. त्याची पत्नी दुर्गाबाई अजून आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या, दिसते चांगले. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी पाट दिला, पाणी दिले, आणि माझ्याकडे निरखून म्हणाल्या, “आबा, किती दाट केस ऱ्हायलेत वो तुमचं. आमच्या ह्यांचं असंच हुतं.”

मग मी सर्व सांगितले. काही गाळले नाही.

माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारले, “कडी तुमीच घातल्याली?”

मी म्हटले, “होय.”

“त्यानं हाक मारल्याली?”

“होय. नावाने.”

त्यांनी माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलला, दारापर्यंत गेल्या, पाणी बाहेर ओतले आणि दार उघडे धरून उभ्या राहिल्या. मी उठलो. काठी नव्हती, चौकटीला हात लावून बाहेर पडलो. माझ्या पाठीमागे दार लागले आणि आतून कडी पडल्याचा आवाज आला. मला हल्ली फारसे ऐकू येत नाही, मिनल. तो आला.

तुझा,
अर्जुनमामा